चिंचेनं घासलेली नाणी

“‘घासलेली, पॉलिश केलेली किंवा कशानंही धुतलेली नाणी पाठवू नयेत. अशा नाण्यांना दर्जा दिला जात नाही,’” दादानं मोठ्यानं वाचलं आणि माझ्या घशात भाकरी अडकली.

“पाणी पी की गं,” आईनं तांब्या पुढं सरकवला आणि परत तव्याकडं वळली.

मी गटागटा पाणी प्यायले. दादाचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. पुण्याहून येताना त्यानं एक गुळगुळीत माहितीपत्रक आणलं होतं. एका हातात ते आणि दुसऱ्या हातात भाकरी, असं त्याचं जेवण चाललं होतं. मे महिना, विट्याचं ऊन, डोक्यावर पत्रा. तरी मला घाम फुटला तो उन्हानं नव्हे.

“म्हंजे नक्की काय करत्यात ते लोक?” आईनं विचारलं.

“नाणं तपासतात. खरं का खोटं बघतात. किती झिजलंय, किती जपलंय, त्यावरून नंबर देतात. त्याला ग्रेडिंग म्हणतात. मग प्लास्टिकच्या कडक डबीत ते कायमचं बंद करतात, वर नाव आणि नंबर. कुठंही ने, कुणी शंका घेणार नाही.”

“आन् डबी उघडायची झाली तर?”

“उघडायचीच नसते, आई. हात लावायचा नाही, हाच तर मुद्दा आहे.”

“हां. तुझ्या बापावानीच की मग.”

दादा मोठ्यानं हसला. मीही हसले. न हसून सांगते कुणाला?

आमचे तात्या एसटीत कंडक्टर होते. विटा-आटपाडी गाडीवर त्यांची उभी हयात गेली. तेव्हा खेड्यातल्या म्हाताऱ्या तिकिटाला म्हणून कनवटीतून चलनातनं गेलेला पैसा काढायच्या. भोकाचा पैसा, ढब्बू, पाव आणा, काय वाटेल ते. दुसरा कंडक्टर असता तर ‘आजी, हे चालत नाही, उतरा खाली’ म्हणाला असता. तात्या ते नाणं ठेवून घ्यायचे आणि तिकिटाचे पैसे स्वतःच्या खिशातून सरकारी पिशवीत टाकायचे. डेपोतून भंगारात निघालेल्या दोन तिकिटांच्या पेट्या त्यांनी घरी आणल्या होत्या, पत्र्याच्या, कप्प्याकप्प्यांच्या. त्यात एकेक नाणं पांढऱ्या कागदाच्या पुडीत बांधलेलं, पुडीवर त्यांच्या ठसठशीत अक्षरात नाव. डेपोत त्यांना ‘चिल्लर खराडे’ म्हणत. शाळेत पोरं दादाला ‘ए चिल्लर’ म्हणायची आणि दादा घरी येऊन त्या पेट्यांना लाथ मारायचा.

मला कुणी चिडवत नसे, कारण मी चावायचे. शिवाय मी तात्यांची लाडकी. सुट्टीच्या दिवशी ते सतरंजीवर पेट्या घेऊन बसले की मला मांडीशी ओढायचे. नाणं कडेनंच धरायचं, त्याच्या तोंडाला बोट लावायचं नाही, हे मला पाटीवर श्री काढायच्या आधी येत होतं. आई चहा घेऊन यायची आणि जरा वाकून बघायला लागली की मी ओरडायचे, “आई, लांब हो! तुझे हात हळदीचे!” तात्या खूश व्हायचे. “बघा, एवढ्याशा पोरीला कळतं,” म्हणायचे. आई कप ठेवून आत जायची.

तात्या गेले तेव्हा दादा कंपनीच्या कामाला परदेशात होता. तो पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. ते त्याच्या मनाला फार लागलं होतं. आता पुढच्या हिवाळ्यात सांगलीला नाण्यांचं प्रदर्शन भरणार होतं, आणि त्यानं ठरवून टाकलं होतं. आधी नाण्यांना दर्जा मिळवायचा, मग प्रदर्शनात काचेच्या कपाटात मांडायची, आणि वर पाटी: कै. बाळकृष्ण खराडे, एसटी वाहक, यांचा संग्रह.

“विकायचं काही नाही मला,” तो म्हणाला. “फक्त एकदा लोकांनी बघू देत. चिल्लर खराडे म्हणत होते ना? मी पण म्हणत होतो मनातल्या मनात. आता बघू देत सगळ्यांनी.”

असं म्हणताना त्याचा आवाज चिरकला. आणि मी तिथं खाली मान घालून कढी भुरकत होते, कारण ती सगळी नाणी गेल्या दिवाळीत आम्ही मायलेकींनी चिंचेनं घासली होती.

तात्या गेल्यावर पहिली दिवाळी आम्ही केली नाही. दुसऱ्या वर्षी आई एकटी नको म्हणून मी तासगावचा माझा शिवणक्लास ऐन सीझनमध्ये बंद ठेवून आले. बघते तर मोरीपाशी देव, समई, पराती, आणि शेजारी पातेलंभर चिंच भिजलेली.

“एवढी चिंच? लग्न काढलंयस का कुणाचं?”

“भांडी हैत की,” आई म्हणाली. मग समई घासता घासता, माझ्याकडं न बघता, “त्यांची नाणी बी काळी ठिक्कर पडल्यात. लक्ष्मीपूजनाला मांडावी म्हणलं, तर तोंड धुतल्याबिगर कशी मांडायची?”

झालं! मला कुणी काम सुचवायचाच अवकाश. “घासूया की मग! आण पेट्या.”

“तू म्हणतीस तर घासू,” ती म्हणाली आणि लगेच उठली.

अख्खी दुपार आम्ही मोरीपाशी. तांब्यापितळेची मी चिंच-मिठानं घासली. चांदीची तिनं राखुंडीनं. “चांदीची माझ्याकडं दे, तुझा हात जड हाय,” म्हणाली. हिरवं-काळं पाणी मोरीतून वाहत होतं, खालून लखलखीत पैसा निघत होता आणि आई हसत होती. “ही बघ, ही बघ कशी उजळली!” असं एकेक नाणं उन्हात धरून मला दाखवत होती. तात्या गेल्यापासून तिला हसताना मी बघितलंच नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की मी मनात म्हटलं, तात्या, बघा, तुमच्या नाण्यांनी आईला हसवलं. लक्ष्मीपूजनाला परातभर नाणी मांडली, हळदकुंकू वाहिलं, दुसऱ्या दिवशी पुसून परत पुड्यांत बांधली.

हात लावायचा नाही हे मला माहीत होतं. का लावायचा नाही, हे तात्यांनी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, मळ लागू नये म्हणून. मग मळ काढला तर त्यात पाप ते कसलं?

जेवण झाल्यावर दादानं सतरंजी अंथरली. आई दारात सावलीला विळी घेऊन बसली, लोणच्याच्या कैऱ्या फोडायला. दादानं पहिली पुडी सोडली. भोकाचा पैसा नव्या पितळी भांड्यासारखा चमकला.

“इंदे, बघ! सत्तर वर्षांचं नाणं, आणि काल पाडल्यासारखं! काय जपलंय तात्यांनी!”

दुसरी पुडी, तिसरी, चौथी. तो जितका हरखत होता तितकी मी जमिनीत चालले होते. “ह्यांना तर अव्वल नंबर मिळणार,” म्हणाला तेव्हा माझ्यानं राहवेना.

“दादा, नको पाठवूस.”

“का?”

“पार्सल गहाळ झालं तर?”

“मी स्वतः नेणार आहे मुंबईला.”

“डबीत कोंडून काय करायची? तात्यांना हातात धरायला आवडायचं.”

“तात्या आहेत का आता धरायला?”

“मग घरात असू देत की. आईला तेवढाच आधार.”

“आईनं जन्मात कधी पेटी उघडलीय का गं?”

तो माझ्याकडं रोखून बघायला लागला. मला खोटं बोलता येत नाही असं नाही. पण खोटं बोलताना मी फार बोलते, आणि दादाला ते लहानपणापासून माहीत. खरं सांगून टाकावं असं दहादा तोंडाशी आलं. पण ‘आम्ही घासली’ म्हटलं की आईला कळणार, आपल्याच हातानं नवऱ्याची जन्माची हौस मातीत घातली. एकटी बाई. रोज त्या पेट्यांकडं बघत बसली असती. ते पत्रकातलं वाक्य तिच्या डोक्यावरून गेलं असणार, असं मी धरून चालले होते. वाचून होईपर्यंत तिनं भाकरी थापायची काही थांबवली नव्हती.

दादा पुड्या सोडत दुसऱ्या पेटीच्या तळाशी पोचला आणि थबकला.

“‘राणीछाप रुपया.’ कुठाय?”

चांदीच्या रुपयाची ती पुडी रिकामी होती. नुसता कागद, नीट घडी घातलेला. मोरी! घासताना हातातून निसटला असणार आणि त्या काळ्या पाण्याबरोबर गेला असणार.

“म्हणून नको म्हणतेस होय?” दादा अगदी हळू बोलला. “इंदे, मागितल्या असत्यास तर दोन्ही पेट्या दिल्या असत्या मी तुला. बापाच्या पुडीतनं उचलायची काय गरज होती?”

“तोंड सांभाळ, दादा!”

“मग सांग कुठाय.”

विळीचा आवाज थांबला. आई आमच्याकडं बघत होती. काहीतरी बोलणार, असं तिचं तोंड झालं होतं. मला वाटलं, आता ही भाबडेपणानं सांगून टाकणार, आम्ही दोघींनी घासली म्हणून, आणि मग दादाच्या तोंडून तिला नको ते ऐकावं लागणार. मी तिला बोलूच दिलं नाही.

“मी घासली,” मी म्हटलं. “सगळी. दिवाळीत. आई देवळात गेली होती तेव्हा मी एकटीनं बसून घासली. चिंच, मीठ, राखुंडी, काथ्यानं खसाखसा. तो रुपया मोरीतनं गेला. झालं समाधान?”

दादा हातातल्या नाण्याकडं बघत राहिला. मग त्यानं ते दाराच्या उजेडात धरलं, तिरकं केलं. काथ्याचे बारीक ओरखडे आता त्यालाही दिसले असावेत.

“सगळी?”

“सगळी.”

“तू?” तो म्हणाला. “मांडीवर घेऊन त्यांनी तुला शिकवलं. मला नाही. तुला.”

तो ओरडला असता, दोन लगावल्या असत्या तरी परवडलं असतं. त्यानं एकेक पुडी परत बांधली, पेट्या बंद केल्या, पत्रक चुरगाळून खिशात कोंबलं आणि चहासुद्धा न घेता गाडी काढली. आई विळीवरून उठली नाही. “सावकाश जा रं,” एवढंच म्हणाली. मला वाटलं, बिचारी गांगरली. त्या दिवशी लोणच्याचा मसाला आम्ही दोघींनी मिळून कालवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला सोडायला स्टँडवर आली. तासगावची गाडी लागायची होती. आम्ही बाकावर बसलो. मीच एकटी बडबडत होते. “रागावलाय तर रागावू दे. जातोय कुठं? श्रावणात येईल बघ, पुरणपोळी खायला.”

मग तिनं कमरेची चंची काढली. पान खाईल असं मला वाटलं. तिनं चंचीच्या अगदी आतल्या घडीत बोट घातलं, काहीतरी काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

रुपया. राणीछाप. काळपट, राणीच्या गालावर डाग, आणि कडेच्या खाचांत जुनं सुकलेलं लाल काहीतरी.

“अगं, हा मोरीतनं गेला नव्हता?”

“न्हाई. हा माझा हाय. लग्नात माझ्या आईनं ओटीत घातलेला. त्यांनी काढून घेतला. ‘राणीछाप हाय, नीट ठिवतो,’ म्हणले. पुडीत गेला त्यो गेलाच. आई मेली तवा मागितला हुता मी. घालवायला न्हवं, नुसता हातात धरायला. तर म्हणले, हळदीचं हात नगं लावूस.”

मी रुपया उलटा करून बघितला. ते लाल म्हणजे कुंकू होतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आणि मग दुसरंही आलं.

“आई, चांदीची सगळी तू घासलीस. मग हाच का नाही घासला?”

ती समोर लागलेल्या आटपाडी गाडीकडं बघत राहिली.

“ह्यो घासला असता तर माझ्या आईचं कुंकवाचं बोट गेलं असतं त्याच्यावरनं,” ती म्हणाली. “मला ठावं हाय, इंदे. लग्न हुन आले त्याच वर्षी एक ढब्बू घासला हुता म्या. चकचकीत करून त्यांच्या ताटाशेजारी ठिवला, खूश हुतील म्हणून. तर ताट भिरकावलं. सगळ्यांम्होरं. ‘मारलंस त्याला,’ म्हणले. ‘नाणं घासलं की मेलं.’”

माझ्या डोळ्यांपुढं ते पातेलं आलं. पातेलंभर चिंच, मी यायच्या आधीच भिजलेली.

“म्हणजे तू मुद्दाम...”

“घासताना लई बरं वाटलं. खोटं न्हाई सांगत. तू हुतीस शेजारी, आनखीच बरं वाटलं. मग दिवाळी सरली आन् अन्न गोड लागंना. काल त्यानं त्या पाटीचं सांगितलं तवा तर जीव नुसता...” तिनं पदर तोंडाला लावला. “बोलणार हुते मी काल. तेवढ्यात तू बोललीस. मग मला धीर झाला न्हाई. तू लेक हाईस त्यांची. तुला दादा कधीतरी माफ करंल. मला न्हाई करायचा.”

मला तिचा राग यायला हवा होता. माझ्या हातानं करवून घेतलं आणि वर माझ्याच गळ्यात टाकलं, म्हणून चांगली भांडले असते मी, माझं तोंड काही कमी नाही. पण राग आलाच नाही. माझ्याच बारक्या आवाजातलं ‘आई, लांब हो!’ मला ऐकू यायला लागलं, आणि ती कप ठेवून आत जाताना दिसायला लागली. एकदा नव्हे, कितीदा तरी. तेव्हा तिला लांब हो म्हणणारी मी होते आणि ती वाकून बघत होती तो तिच्या आईचा रुपया होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“गाडी लागली बघ तुझी,” आई म्हणाली. “दादाला सांगू नगं.”

“नाही सांगत.”

तिनं माझ्या तळहातावरून रुपया उचलला, चंचीत सारला. मी खिडकीपाशी बसले आणि बाहेर हात काढला. तिनं दोन्ही हातांनी तो धरला. आदल्या दिवशीच्या लोणच्याची हळद तिच्या नखांत होती. गाडी हलली तरी मी हात सोडला नाही, तर कंडक्टर ओरडला, “ओ ताई, हात आत!”

श्रावणात दादा आला नाही. त्या भाऊबीजेलाही नाही आणि पुढं कित्येक वर्षं नाही. फोन करायचा तो आईला, मी उचलला तर “आईला दे” म्हणायचा. दर्जाबिर्जाचं नाव कुणी काढलं नाही. आई गेली तेव्हा पेट्या त्यानं नेल्या आणि चंची माझ्याकडं आली. चंचीत काय आहे, कुणी विचारलं नाही.

परवाच्या भाऊबीजेला मात्र तो आला, आपणहून. साठी उलटलीय, शुगरनं वाळलाय, स्वभावानं मऊ पडलाय. येताना माझ्यासाठी आंब्याच्या वड्या घेऊन आला, स्वतः खात नाही तरी. पाटावर बसला आणि टोपी घातली. मी ताट घेतलं. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी, आणि सुपारीच्या खाली तो रुपया. आई गेल्यापासून माझ्या ताटात तो असतोच, पूजेला काय आणि ओवाळायला काय. हळदकुंकवानं इतका माखलाय की राणी आता शोधावी लागते. मी त्याला कधी घासत नाही.

टिळा लावला. मग सुपारी, अंगठी आणि रुपया बोटांत धरून मी त्याच्या तोंडावरून ओवाळायला लागले.

“इंदे,” तो म्हणाला, “आता दोघंही म्हातारे झालो. खरं सांग. तो राणीछाप मोरीतनं गेलाच नव्हता ना? तूच घेतलास ना?”

रुपया त्याच्या कपाळासमोर होता. सांगून टाकावं असं इतकं मनात आलं की माझा हात तिथंच थांबला. आई राहिली नाही, आता कुणाला लागणार होतं? पण दादाच्या देवघरात आईचा फोटो आहे आणि रोज आंघोळ झाली की तो पहिल्यांदा त्याच्या पाया पडतो.

“हो,” मी म्हटलं. “मीच घेतला.”

“वाटलंच मला! चोरटी कुठली,” दादा म्हणाला आणि कितीतरी वर्षांनी माझ्याकडं बघून हसला. मग खिशातून पाकीट काढून त्यानं ताटात ओवाळणी घातली, नेमकी त्या रुपयावर.